पांढऱ्या चादरी

जिल्ह्यात कुठून किती धूर निघतो, याची यादी करायला आम्ही कालच या गावात उतरलो होतो. कारखान्याचा मॅनेजर म्हणाला, "भट्टी तीन वर्षं बंद आहे. शून्य लिहा."

मला काही पटेना. तीन वर्षं बंद भट्टी, आणि दाराच्या बिजागरीला ताजं तेल!

मॅनेजरने खिडकीतून समोरच्या घरांकडे बोट दाखवलं. "धूर सोडत असतो, तर कुणी पांढऱ्या चादरी बाहेर वाळत घातल्या असत्या का?"

मी शून्य लिहिलं.

बाहेर पडलो, तर चादरी काढणाऱ्या मावशींनी हाक मारली.

"साहेब, उद्याही आहात ना? कालपासून नुसतं धुतेच आहे, पडदे तेवढे राहिलेत."