शाबूत कोपर

दोन वर्षांपूर्वी एका बेसबॉल संघाकडे असे पाच पिचर होते, की त्यांनी टाकलेला चेंडू समोरच्याला दिसायचाच नाही. त्यातल्या चौघांच्या कोपरांची ऑपरेशनं डॉ. सुहासिनी दामल्यांनी एकेक करून केली. पहिल्यासारखा चेंडू मग कोणालाच टाकता आला नाही. आता सगळी मदार पाचव्यावर, ट्रेव्हरवर होती. संघ हरला की पेपरवाले त्याच्यावरच घसरायचे.

आज तोही कोपर धरून डॉ. दामल्यांच्या क्लिनिकमध्ये बसला होता. बाहेर कोच येरझारा घालत होते. सुहासिनीबाईंनी एमआरआय दोनदा पाहिला आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

"ट्रेव्हर, काहीही झालेलं नाही. कोपर अगदी शाबूत आहे. उद्याची मॅच खुशाल खेळ."

ही बातमी त्या संघातल्या कोणाला देण्याची त्यांची पहिलीच वेळ. त्यांना मनापासून बरं वाटलं.

 ट्रेव्हर दाराकडे एक नजर टाकून हळूच म्हणाला, "डॉक्टर, अजून एकदा नीट बघा ना. कुठंतरी थोडंसं फाटलं असेल."