वगळलेला जिल्हा

सुबरावांनी पटाश्या फडक्यात गुंडाळल्या. अंध मुलांना बोटांनी वाचता येतील अशा उठावाच्या नकाशांचे लाकडी साचे ते सतरा वर्षं कोरत आले होते. वर्षभर काम आलं नव्हतं, म्हणून आज ते कारखाना सोडून मुलाकडे राहायला निघाले होते.

त्यांना थांबवण्याजोगं काही सापडतंय का, हे पाहायला मालकीण हेमांगीने सरकारी निविदांच्या संकेतस्थळावरचे सगळे फिल्टर पहिल्यांदाच काढून टाकले. वरच्याच ओळीत त्यांच्या तालुक्यातली अंधशाळा होती. उठावाचे नकाशे, साठ संच. मुदत काल दुपारी संपली होती.

मग तिला आठवलं. तीन वर्षांपूर्वी तिने इथे भरलेली निविदा फेटाळली गेली, तेव्हा "इथे सगळं ओळखीवर चालतं" म्हणत रागाच्या भरात तिनेच फिल्टर लावून यादीतून आपला जिल्हा वगळला होता. तेव्हापासून ती रोज सकाळी उरलेला महाराष्ट्र धुंडाळत होती.

"जाऊ द्या, ताई," दारात चपलांत पाय सरकवत सुबराव म्हणाले. "आपल्याकडच्या पोरांना नकाशे लागतच नसतील."

"लागत होते, काका," ती म्हणाली आणि तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.