तिसऱ्या मजल्याचा लोड

कावळा शिवेना.

बाणगंगेच्या पायरीवर उर्मिलाकाकूंचा पिंड ठेवून पाऊण तास झाला होता. मार्चचं ऊन चढलं होतं. कावळे समोरच्या कठड्यावर माना वाकड्या करून बसले होते, पण एकही खाली उतरत नव्हता. गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलं असलं की असं होतं म्हणतात. अच्युतकाका ओल्या पंच्यात हात जोडून उभे होते. त्यांच्या मागे दोन पावलांवर दुसऱ्या मजल्यावरचा हितेंद्र उभा होता. त्याच्या शर्टाच्या खिशात घडी केलेला अर्ज होता. त्यावर काकांची एक सही हवी होती, आणि ती तीन दिवसांच्या आत हवी होती.

दिवस मोजायला त्यानं जानेवारीतच सुरुवात केली होती. विजेची गाडी दाराशी आली आणि हितेंद्र घरच्या चार्जरच्या मागे लागला. लग्न ठरताना यानं माझीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती, असं त्याची बायको रुपाली सगळ्यांना सांगायची. केबल पाच मीटरची की सात, पावसात भिजला तर काय, कुठल्या कंपनीचा माणूस घरी येतो, सगळं त्याला तोंडपाठ. शेवटी मोठा चार्जर घ्यायचं ठरलं, कारण सवलत फक्त मोठ्यावर होती. जवळजवळ निम्मी किंमत सुटणार होती. अट एकच, वाढीव लोडचा, म्हणजे जास्तीच्या वीजभाराचा, अर्ज एकतीस मार्चच्या आत गेला पाहिजे.

दौलत वायरमन मीटरच्या खोलीत डोकावून आला आणि हात झटकत म्हणाला, "साहेब, गिरगावातल्या ह्या जुन्या बिल्डिंगी. केबलमध्ये जागा कुठाय? होता नव्हता तो लोड तिसऱ्या मजल्यानं घेतलाय, त्या आजारी आजींच्या मशिनींसाठी. तुम्ही लहान चार्जर घ्या ना. रात्रभर लावून ठेवा, सकाळी गाडी तयार."

"आणि मोठाच हवा असेल तर?"

"मग वाट बघा," दौलत म्हणाला. त्यानं जिन्यातून वर, तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं.

हितेंद्रचं ऑफिस दादरला. जाऊन येऊन वीसेक किलोमीटर. लहान चार्जर त्याला पुरून उरला असता, हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. पण चालून आलेली सवलत सोडायची, हे काही त्याच्या जिवाला पटेना.

तिसऱ्या मजल्यावर अच्युतकाकांनी काकूंसाठी बाहेरच्या खोलीतच दवाखाना मांडला होता. ऑक्सिजनचं मशीन, हवेची गादी, दिवसरात्र चालणारा एसी. मूलबाळ नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. बिल्डिंगीतली माणसं सुरुवातीला येऊन गेली, मग जो तो आपल्या कामाला लागला.

दौलत येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून हितेंद्र ऑफिसला निघण्याआधी एक जिना वर चढू लागला. दारातूनच विचारायचा, "काका, आज काकू कशा आहेत?" काका म्हणायचे, "आहे तशीच रे." कधी म्हणायचे, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही." एकदा मात्र खुलून म्हणाले, "आज दोन वाट्या पेज घेतली हो तिनं!" हितेंद्रच्या तोंडून "अरे वा" निघालं, पण जिना उतरताना तो एकतीस मार्चपर्यंतचे दिवस मोजत होता. त्या दिवशी त्याला स्वतःची किळस आली. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा वर गेलाच.

एकोणीस मार्चला काकू गेल्या. रुपालीनं वर पिठलं-भात पोचवला. हितेंद्रनं धावपळ केली, खांदा दिला. शेजारी असावा तर असा, असं चारचौघे म्हणाले. त्यानं मान खाली घातली.

आणि आज दहावा.

काकांचा पुतण्या देवदत्त पुढे झाला. "काकू, काकांना आम्ही एकटं सोडणार नाही." कावळे हलले नाहीत. "कुलदेवीची ओटी भरू, काकू. राहिली होती ना?" तरी नाही. भटजींनी घड्याळात पाहिलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. हितेंद्रला उगाच वाटलं, ते सगळे कावळे आपल्याच खिशाकडे बघताहेत.

अच्युतकाका पिंडाजवळ गेले.

"उर्मिला," ते म्हणाले, "हितेंद्रला आपला लोड सोडून देतो. तू सांगितलं होतंस तसं. आजच सही करतो."

कठड्यावरचा एक कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला.

देवदत्तला हुंदका फुटला. भटजींनी हातातला दर्भ खाली ठेवला. हितेंद्र तिथंच पायरीवर बसला. थोड्या वेळानं काका त्याच्या शेजारी येऊन टेकले.

"काका, तुम्हाला हे कुणी..." त्याचा हात खिशातल्या अर्जावर गेला.

"दौलत आला होता ना आमचा इन्व्हर्टर बघायला, जानेवारीत. तोच सांगून गेला. तिच्या उशाशी उभा राहून बोलत होता." काकांनी पंच्याच्या टोकानं डोळे पुसले. "सगळं ठाऊक होतं तिला. तरी सकाळ झाली की तुझीच वाट बघायची रे. दुसरं विचारणारं होतं कोण?"