भरलेली खुर्ची

“दर बुधवारी तुम्हालाच का हो बोलावतात?” निळ्या शर्टाच्या कॉलरवर इस्त्री दाबत मी ह्यांना विचारलं. हे निवृत्त प्राध्यापक. टीव्हीवरच्या चर्चेत सरकारच्या विरोधात बोलतात. दोन्ही बाजू दाखवायच्या असा नियम आहे म्हणे, म्हणून चॅनेलची गाडी दारात येते.

“मुद्देसूद बोलतो म्हणून,” हे ताठ होत म्हणाले.

मला काही ते पटेना. घरी बसून बघणारी मीच ना! ह्यांनी आकडे काढले की जाहिरात लागायची. ती संपली की समोरचे तिघे एकदम ओरडायचे आणि ह्यांचे नुसते ओठ हलताना दिसायचे.

पुढच्या बुधवारी ह्यांचा घसा पार बसला. तोंडातून शब्द फुटेना. शेवटी मीच चॅनेलच्या त्या पाहुणे ठरवणाऱ्या मुलीला फोन लावला, ह्यांनाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर. “हे आज येत नाहीत गं. आवाजच गेलाय.”

“मग काय झालं, काकू?” ती मनापासून हसली. “सरांना बोलायचं कुठे असतं? विरोधी बाजूची खुर्ची भरलेली दिसली की झालं. पाठवते गाडी.”

फोन ठेवून मी ह्यांच्याकडे पाहिलं. आता तरी नकाराची मान हलवतील, असं वाटलं.

ह्यांनी माझी नजर चुकवली आणि खुंटीवरच्या निळ्या शर्टाकडे बोट दाखवलं.