नावं धरून पाच मिनिटं

मोहाडीच्या हौशी फिल्म क्लबचा दिग्दर्शक विनोद नागपूरच्या लघुपट स्पर्धेत बक्षीस मिळावं म्हणून वर्षभर राबला. मर्यादा पाच मिनिटांची, नावं धरून. पण ज्यानं बकरी दिली, ज्यानं शूटिंग होईस्तोवर मळणीयंत्र बंद ठेवलं, त्या प्रत्येकाला पडद्यावर बापासकट नाव हवं होतं. नाहीतर पुढच्या वर्षी बकरी विसरा. नावं बसवायला विनोदनं नायिकेचं रडणंसुद्धा कापलं.

नंबर लागला नाही. तरी गावात पडदा लावला, तेव्हा नावागणिक शिट्ट्या पडल्या. बकरीवाल्या जागेश्वरकाकांनी विनोदची पाठ थोपटली.



"मस्त बनवला रे बाबू! फक्त मधात तो दीड मिनिट सिनेमा काहून टाकला? तेवढ्यात माह्या साळ्याचं नाव बसलं असतं!"