पुरून उरेल

कॉम्प्युटरचा डबा उघडा होता आणि तो जमिनीवर मांडी घालून मेमरीच्या दोन पट्ट्या निरखत होता. एक चार जीबीची, त्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात कधीची पडून राहिलेली. दुसरी सोळाची, कोरी करकरीत.

"एवढी पुरेल ना?" बायकोने चारच्या पट्टीकडे बघत विचारलं.

"अगं, पुरून उरेल! तुला काय करायचंय? लेकीशी बोलायचं, सिनेमे बघायचे. सोळा म्हणजे नुसता माज." त्याने चारची पट्टी खाचेत दाबली. ती टक्कन बसली. सोळाची पुन्हा दुकानात गेली.

दुकानात मात्र त्याचा खाक्या वेगळा. काम काय करता, एका वेळी काय काय उघडता, हे खोदून खोदून विचारल्याशिवाय तो कुणाचं मशीन जोडत नसे. डॉक्टरसुद्धा एवढं विचारत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची. घरी दिव्याखाली अंधार. बायकोचं उत्तर आपल्याला ठाऊकच आहे, असं तो धरून चालला होता.

लग्नाआधी ती एका आर्किटेक्टबाईंकडे इमारतींची ड्रॉइंग करायची. मग लेक झाली, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. आता सासूबाई गेल्या होत्या, लेक परगावी नोकरीला होती आणि घर दिवसभर तिला खायला उठत होतं.

थोड्या दिवसांनी जेवताना ती म्हणाली, "अहो, तो सारखा हँग होतोय."

"नाचता येईना अंगण वाकडं!" तो हसला. "मशीन मी जोडलंय. इतक्या वर्षांनी माउस धरलास, तुझी सवय गेली, दुसरं काय?"

तीही हसली. पुन्हा तिने तक्रार केली नाही. जमलं वाटतं, असं म्हणून तोही विसरून गेला.

मग एका दुपारी त्याच आर्किटेक्टबाई प्रिंटर दाखवायला दुकानात आल्या.

"तुमच्या बायकोनं निराश केलं हो," त्या म्हणाल्या. "स्वतःहून काम मागितलं. मी एक मोठं ड्रॉइंग दिलं, बघू म्हटलं. कितीतरी दिवस झुंजली आणि काल परत पाठवलं. म्हणे, मशीन नवऱ्यानं जोडलंय, त्यात खोट नसणार. मलाच आता येत नाही."

त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "बाई, चूक माझी आहे. तिला परत द्या ते काम."

"आता कसं देऊ? आज सकाळीच दुसरीला नेमलं."

तो सोळाची पट्टी घेऊन तडक घरी गेला. डबा उघडला, पट्टी बदलली. "बाईंचं ते ड्रॉइंग मशीनमध्ये असेल अजून, उघड," तो म्हणाला. ड्रॉइंगचं त्याला कसं कळलं, म्हणून ती चपापली. तरी खुर्चीत बसली.

ड्रॉइंग झरकन उघडलं. तिने एक भिंत सरकवली, ती सरकली. जिना वळवला, खिडक्या मांडल्या. हात कुठेच अडखळला नाही. तो मागे उभा राहून बघत होता आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. बाईंनी दुसरीला नेमल्याचं सांगायला त्याने तोंड उघडलं, पण तीच गर्रकन वळली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

"अहो, मला येतंय! थांबा, आधी बाईंना फोन करते."