पाच आठे एकेचाळीस

तारकर्लीत संचिता आणि तिचा नवरा गुरुदास पर्यटकांसाठी बोटी चालवायचे. पाच बोटी, प्रत्येकीत नावाड्यासकट आठ माणसं. लाइफ जॅकेट किती काढायची, ते संचिता स्प्रेडशीटमध्ये गुणून बघे. त्या सकाळी उत्तर आलं एकेचाळीस.

तिने दोन्ही आकडे तपासले. मागे लपलेला अपूर्णांक नव्हता. फॉर्म्युला पुसून नव्याने लिहिला, तरी एकेचाळीसच.

"ऱ्हवांदे गो, एक जास्ती घेतंय मी," म्हणत गुरुदास बोटीत चढला.

दुपारी खडकांपाशी होडी उलटलेला एक मासेमार, विनीत, गटांगळ्या खाताना दिसला. गुरुदासने जादा जॅकेट फेकलं. विनीतने ते घट्ट धरलं.

एकेचाळीस माणसं सुखरूप उतरली. किनाऱ्यावर एकच जल्लोष झाला. सगळी हकिकत ऐकून विनीतची बायको जानकी संचिताच्या गळ्यात पडली. "तुज्या हिशोबान माजो घोव वाचलो गो."

संचिताचा ऊर भरून आला. हसतच ती लॅपटॉपपाशी बसली. उद्याही पाचच बोटी, आठच माणसं. तिने आकडे भरले.

उत्तर आलं एकोणचाळीस.